गोळी किती दिवसांची?

महाबळेश्वर तालुक्यातल्या त्या लहानशा दवाखान्यात आधी पिशवी तपासली जाते, मग माणूस. टेबलाच्या कडेला स्टीलचा एक ट्रे ठेवलेला असतो. घरात असतील नसतील तेवढी औषधं घेऊन या, हा डॉक्टरबाईंचा निरोप आशाताईंनी वाडीवाडीवर पोचवलेला आहे. त्यामुळे माणूस येतो तोच पिशवीसकट. पिशवी ट्रेमध्ये उपडी केली की त्या घराचं दोन-तीन वर्षांचं आजारपण समोर येतं. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गॅसच्या कॅप्सूल, अर्धवट राहिलेलं खोकल्याचं औषध, उग्र वासाचं मलम. आणि या सगळ्यांत कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. कुठे दोन गोळ्यांचा, कुठे चार गोळ्यांचा. कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर गेलेलं असतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या घरी. चंदेरी कागदावर ‘सोडियम’ या इंग्रजी शब्दाची अर्धी अक्षरं तेवढी उरलेली असतात.

डॉक्टरबाई तो तुकडा उजेडाकडे धरतात. गोळीचा रंग, तिच्यावरची रेघ बघतात आणि विचारतात, “मावशी, ही कधीपासून चालू आहे?”

“ती व्हय? ती रोजची न्हाई. गुडघं दुखलं की घेते.”

“आणि गुडघे कधी दुखतात?”

“रोजच की!”

बरीच वर्षं डोंगरात काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी आहे. सांधेदुखी, सूज आणि गाउट यांवरची औषधं लोक एकाच माळेत ओवतात. सगळ्या ‘दुखण्याच्या गोळ्या’. पण प्रत्येकीची मुदत निराळी आहे. एक चार-पाच दिवसांत संपवायची, दुसरीच्या पहिल्या दिवशी मोजून तीन घ्यायच्या, तिसरी वर्षानुवर्षं चुकवायची नाही, चौथी एकदम सोडायची नाही आणि पाचवी आठवड्यातून एकदाच घ्यायची. घरोघरी घडतं ते नेमकं उलटं. जी थांबवायची ती वर्षानुवर्षं चालते आणि जी चालू ठेवायची ती दहा दिवसांत बंद होते. या औषधांचे जे अपाय त्यांच्या दारात येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ त्यांना या उलटापालटीत सापडतं.

दुखायला इथे कारणांची वाण नाही. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवरचा हा मुलूख. पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठेल अशी पहाट. पाऊस सरला की स्ट्रॉबेरीची लावण होते आणि मग उन्हाळा लागेपर्यंत तोडणी. गादीवाफे जेमतेम वीतभर उंचीचे. त्यामुळे सरीतून चालणारी बाई सकाळभर कंबरेतून वाकलेलीच असते. खालच्या खोऱ्यांत भातलावणी. पाय चिखलात आणि पाठीवर इरलं. तलावावरचे घोडेवाले दिवसभर पर्यटकाच्या घोड्यामागे धावतात. जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यांतली पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत ओझी वाहत आली आहेत. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याने मजुरीला आणि सुट्टीला संरक्षण दिलं. पण गोणी पाठीवरच राहिली. असा माणूस साठीला गावी परततो तेव्हा गुडघे झिजलेले असतात, कंबर धरलेली असते आणि सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते.

हे काही एका तालुक्याचं दुखणं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेल्या पद्धतीची ही पाहणी भारतातल्या खेड्यांतल्या सांधेदुखीचं पहिलं नीट चित्र मानली जाते. सुमारे चार हजार प्रौढांमध्ये शंभरात साधारण अठरा जणांना सांध्यांची किंवा स्नायूंची दुखणी होती. खरा गाउट मात्र फार थोड्यांना होता. डॉक्टरबाईंना हे दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. पहिल्यावरून कळतं की वेदनाशामक गोळी जवळजवळ प्रत्येक घरात पोचणारच. दुसऱ्यावरून कळतं की ‘युरिक अ‍ॅसिड वाढलंय’ एवढ्या बोलण्यावर जितक्या लोकांना औषध सुरू होतं, तितक्यांना ते लागत नाही.

*

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण कामाची रीत एकच. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते आणि ठणका लागतो. ही रसायनं तयार होणं अ‍ॅस्पिरिनमुळे थांबतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तर राखतात आणि शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गुडघ्यातली सूज उतरवणारी गोळी ही राखणही काढून घेते.

कांदाटी खोऱ्यातल्या एका निवृत्त माथाडी कामगाराचं उदाहरण डॉक्टरबाई नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगतात. वय पासष्टीच्या पुढचं. बीपीसाठी रोज एक गोळी चालू होती. तिच्यात दोन औषधं होती: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पाण्याची गोळी’. त्यांच्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ, कित्येक महिने. सोबत गॅसची कॅप्सूल, त्यामुळे मन निर्धास्त. ऑगस्टात दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. अन्न बंद, पाणी जेमतेम. पण गोळ्या मात्र मुलाने आठवणीने दिल्या. अंग दुखतंय म्हणून कुणीतरी वेदनाशामक इंजेक्शनही टोचलं. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. शिवसागराच्या पाण्यावर वारा असल्यामुळे लाँच मिळायला दुपार झाली. तापोळ्याला उतरून घाट चढून दवाखान्यात पोचेपर्यंत पावलांवर सूज दिसू लागली होती.

रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन पाचाच्या वर आलं. निरोगी माणसात ते एकच्या आसपास असतं. डॉक्टरबाईंनी ट्रेमधल्या गोळ्यांतली तीन औषधं हेरली. पाण्याच्या गोळीने आणि जुलाबाने शरीरातलं पाणी कमी केलं होतं. टेल्मिसार्टनने मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवला होता. आणि वेदनाशामकाने आत येणारी रक्तवाहिनी आवळली होती. एकेकटं औषध त्या माणसाने वर्षभर पचवलं असतं. तिन्ही एकत्र आली आणि पाणी आटलं तेव्हा मूत्रपिंडाने हात टेकले. सातारला पाठवल्यावर तिन्ही औषधं बंद झाली, सलाईन लागलं, डायलिसिसची वेळ आली नाही. दोन-तीन आठवड्यांत क्रिएटिनिन जवळपास पूर्ववत झालं. वेळेवर थांबवलं तर हे नुकसान बहुधा भरून निघतं, आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगं असूनही घडतं याची डॉक्टरबाईंना जास्त चीड येते.

तेव्हापासून बीपीच्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीखाली त्या एक ओळ लिहितात: उलटी, जुलाब किंवा जेवण बंद असेल त्या दिवशी दुखण्याची गोळी घ्यायची नाही आणि पाण्याच्या गोळीबद्दल फोन करून विचारायचं. गॅसच्या कॅप्सूलचा गैरसमजही त्या तिथल्या तिथे दूर करतात. ती जठराला बऱ्यापैकी सांभाळते. मूत्रपिंडाला आणि हृदयाला तिचा काही उपयोग नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला डायक्लोफेनॅक नको, हे गॅसची कॅप्सूल कितीही मोठी असली तरी बदलत नाही.

पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. या दिवसांत ताप आणि अंगदुखी म्हणजे डेंगी असू शकतो, लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. डेंगीत प्लेटलेट घटतात आणि या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. लेप्टोत मूत्रपिंड आधीच आजारी असतं. म्हणून तापाचं निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही वजन बघून. धडधाकट माणसाला दिवसात चार ग्रॅम ही कमाल मर्यादा. हडकुळ्या म्हाताऱ्याला किंवा रोज दारू पिणाऱ्याला त्याहून बरीच कमी.

*

या गोळ्या मूत्रपिंडाचं काय करू शकतात याचा सर्वांत भीषण दाखला माणसांत नव्हे, गिधाडांत मिळाला. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट उतरलं की रायगड जिल्हा लागतो. तिथल्या म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या रानात गिधाडांची शेवटची घरटी जपण्यासाठी लोक वर्षानुवर्षं राबत आहेत. देशभरात गिधाडं का नाहीशी झाली, याचा उलगडा २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून झाला. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की काही दिवसांत गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. मेलेल्या पक्ष्यांचं पोट उघडलं तेव्हा यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर खडूसारखा पांढरा थर बसलेला दिसला. तो युरिक अ‍ॅसिडचा होता. दुखणं थांबवणाऱ्या औषधाने पक्ष्यांना आतून गाउट झाला होता.

भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी एका वेळेपुरतीच ठेवण्याचा आदेश निघाला. जनावरांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाली. गिधाडांना मेलॉक्सिकॅम चालतं, हे कळल्यामुळे पशुवैद्यांना पर्यायही मिळाला. डॉक्टरबाई म्हैस पाळणाऱ्या घरांत ही गोष्ट सांगतात, कारण त्या घरात एकच औषध गोठ्यातही असतं आणि माजघरातही. ‘किडनीला त्रास होतो’ हे वाक्य ऐकून सोडून देणारा माणूस गिधाडाची हकीगत मात्र लक्ष देऊन ऐकतो.

सरकारी बंदीच्या यादीचा इतिहासही त्यांना चांगला पाठ आहे. रोफेकॉक्सिब हे जठराला सौम्य म्हणून गाजलेलं औषध हृदयविकाराचा धोका वाढवतं हे कळल्यावर कंपनीने २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर मोठ्यांसाठीही शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या तोंडी गोळ्या बंद झाल्या. एकाच गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली ३२८ मिश्रणं २०१८ मध्ये आणि आणखी १५६ मिश्रणं २०२४ मध्ये बाद झाली. पाळीच्या दुखण्यावर सर्रास चालणाऱ्या मेफेनामिक अ‍ॅसिडमुळे क्वचित अंगभर पुरळ, ताप आणि यकृताची सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस दिला.

मिश्रणांचा धोका ट्रेमध्ये रोज दिसतो. एका डॉक्टरांनी कंबरेसाठी एक जोडगोळी दिलेली असते, दुसऱ्यांनी दाढेसाठी दुसरी, आणि तापासाठी घरातलं पॅरासिटामॉल असतंच. तीन वेगळी नावं. पण आत पॅरासिटामॉल तीनदा आणि वेदनाशामक दोनदा. म्हणून डॉक्टरबाई शक्यतो एका गोळीत एकच औषध लिहितात, मूळ नावाने लिहितात आणि पुढे थांबण्याची तारीख टाकतात. ‘पाच दिवस’ असं लिहिलं तर ती चिठ्ठी वर्षभर चालते. तारीख टाकली की दुकानदारही विचारतो. गावातल्या औषध दुकानदारांना त्यांनी एक विनंती केली होती: पट्टी कापायचीच असेल तर नाव आणि मुदत गिऱ्हाइकाकडच्या तुकड्यावर राहील अशी कापा, नाहीतर पाकिटावर पेनाने लिहा. काहींनी ते मनावर घेतलं आहे.

*

गाउटचा रुग्ण दवाखान्यात शिरतानाच ओळखू येतो. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, टाच टेकत टेकत. आदल्या रात्री झोपेतून उठवणारा ठणका, अंगठ्याचं मूळ लालबुंद, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, त्याची ही आग.

या झटक्यावरचं जुनं औषध कॉल्चिसीन. ते १८२० मध्ये फ्रान्समध्ये पेल्तिये आणि कावांतू यांनी एका युरोपीय कंदातून वेगळं केलं. पण ते सह्याद्रीतही उगवतं. पावसाळ्यात कुंपणांवर, घाटातल्या झुडपांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं फुलतात ती कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसीन भरपूर असतं. आपल्या देशात या बियांसाठी तमिळनाडूत तिची शेती होते. रानातला कंद खाण्याचा समजून चुकून खाल्ल्यावर आधी कॉलऱ्यासारखे उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी घटणं, केस गळणं आणि पुष्कळदा मृत्यू असा क्रम वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेला आहे. डॉक्टरबाई रुग्णाला कॉल्चिसीनची गोळी देताना कळलावीचं नाव घेतात. इथल्या माणसाला त्या वेलाचा धाक लहानपणापासून असतो, त्यामुळे मोजून घ्यायचं म्हणजे किती मोजून, ते पुन्हा सांगावं लागत नाही.

मोजमाप असं आहे: झटका सुरू झाल्यावर लवकरात लवकर अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तासाभराने आणखी एक, आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. पुढचे काही दिवस सांगितल्याप्रमाणे एखाद-दुसरी. मूत्रपिंड अधू असेल तर याहून कमी, कधी अजिबातच नाही. पूर्वी जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी देत. मोजक्या मात्रेनेही तेवढाच गुण येतो आणि त्रास बराच कमी होतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आलं. दुसरी अट घशाच्या दुखण्याशी जोडलेली आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कॉल्चिसीनचा शरीरातून निचरा होऊ देत नाही, आणि ही जोडी माणसाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कॉल्चिसीन चालू असलेला माणूस खोकला-तापासाठी दुसरीकडे गेला तर त्याने गोळीचं नाव सांगितलंच पाहिजे.

बाजारपेठेत खानावळ चालवणाऱ्या एका गृहस्थांची हकीगत इथे नमुन्यादाखल घेता येईल. वर्षातून तीन-चार झटके यायचे. दर वेळी कुणीतरी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून द्यायचं, ते दहा-बारा दिवस घ्यायचे, ठणका गेला की बंद. वर डाळ, पालक, टोमॅटो सगळं सोडून दिलेलं. पर्यटकांबरोबरची संध्याकाळची बिअर तेवढी चालू. डॉक्टरबाईंनी त्यांना कागदावर दोन रकाने आखून दिले. एका रकान्यात आग विझवणारी औषधं: कॉल्चिसीन, वेदनाशामक किंवा स्टिरॉइडचा छोटा कोर्स, ती थोड्या दिवसांची. दुसऱ्या रकान्यात युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल. त्याचा ठणक्याशी थेट संबंध नाही, ते स्फटिक विरघळवण्यासाठी, आणि ते वर्षानुवर्षं. सुरुवात शंभर मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमकुवत असेल तर पन्नासने, मग रक्त तपासत हळूहळू वाढ, युरिक अ‍ॅसिड सहाच्या खाली येईपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत स्फटिक सुटू लागतात तेव्हा झटके उलट वाढू शकतात. म्हणून तीन ते सहा महिने सोबत कॉल्चिसीनची बारीक मात्रा. झटका आला तरी अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायचं नाही. मात्र अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले तर ते त्याच दिवशी थांबवून दवाखान्यात यायचं, कारण या औषधाची अ‍ॅलर्जी क्वचित येते, पण आली तर जीवघेणी ठरू शकते. डाळ-भाजी त्यांना परत मिळाली आणि बिअर सुटली. बीपीसाठी चालू असलेली पाण्याची गोळीही बदलली, कारण ती स्वतःच युरिक अ‍ॅसिड वाढवते. लोसार्टन ते थोडं उतरवतं.

अ‍ॅलोप्युरिनॉल तयार करणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली तरी ते स्वस्त आणि भरवशाचं आहे. त्याच कामाच्या नव्या फेबुक्सोस्टॅटबद्दल २०१८ च्या एका मोठ्या चाचणीने हृदयरुग्णांत मृत्यू वाढल्याची शंका दाखवली आणि अमेरिकेने २०१९ मध्ये इशारा छापला; २०२० च्या दुसऱ्या चाचणीत ती शंका खरी ठरली नाही. तरीही हृदयविकार असलेल्या माणसात डॉक्टरबाई आधी जुन्याच औषधाकडे वळतात. आणि आरोग्य शिबिरात युरिक अ‍ॅसिड साडेसात निघालं, पण अंगठा कधी दुखला नाही, अशा माणसाला त्या काहीच देत नाहीत. कागद घेऊन आलेला माणूस हिरमुसतो. त्याला समजावण्यात जाणारा वेळ हाही औषधोपचारच आहे, असं त्या मानतात.

*

खाली वाईच्या बाजूला, इकडे जावळीत, सांगलीकडेही कुठे कुठे सांधेदुखीवर पुड्या मिळतात. दोन दिवसांत माणूस चालू लागतो, भूक वाढते, चेहरा भरतो. घरची माणसं म्हणतात, औषधाला गुण आला. असा गोल चेहरा, पोटावरचे जांभळे पट्टे आणि अचानक चढलेली साखर दिसली की डॉक्टरबाई पुडीत स्टिरॉइड असल्याचं गृहीत धरतात. यावर पुडी फेकून द्या म्हणणं हा सर्वांत धोक्याचा सल्ला. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं सोडून देतं. ते एकाएकी बंद झालं तर बीपी कोसळून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्या ओळखीच्या गोळीवर आणून मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवतात.

स्टिरॉइडला त्या वाईट म्हणत नाहीत. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती उठून चालू लागली, तेव्हा वैद्यकशास्त्र हरखलं होतं. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाच्या गाउटच्या झटक्यात प्रेडनिसोलोनचे पाच दिवस हे वेदनाशामकापेक्षा सुरक्षित पडतात. फक्त साखर बघायची. पण २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. साखर आणि स्टिरॉइड एकत्र बेफाम सुटले की काय होतं, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागू नये.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते मेथोट्रेक्सेटला. आमवातासाठी, म्हणजे रुमॅटॉइड संधिवातासाठी हे उत्तम औषध. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात जखमा होतात, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. अशिक्षित सासूला सून ‘रोजच्या’ गोळ्यांत ही गोळी काढून देते आणि घात होतो. डॉक्टरबाई त्यासाठी घराचा बाजाराचा वार विचारतात. त्या वारी ही गोळी, बाकी सहा दिवस नाही. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वारी. एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या द्यायच्या, असा दुकानदारांशी ठराव आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्सेझॉल नको, हे चिठ्ठीवर ठळक असतं, कारण तीही जोडी घातक आहे.

मे महिन्यात मुंबईकर गावाला येतात. यात्रा असतात, लग्नं असतात आणि पाऊस तोंडावर असतो. डॉक्टरबाई आता तो महिना याच कामासाठी राखून ठेवतात. तापोळ्याकडच्या गावांत आशाताईंच्या मदतीने यादी करतात: साठीच्या पुढचे, बीपीची गोळी चालू असलेले आणि दुखण्याची गोळी रोज घेणारे. त्यांचं क्रिएटिनिन पाऊस लागण्याआधी तपासायचं, नमुने सकाळच्या पहिल्या गाडीने वर आणायचे आणि निकाल फोनवर कळवायचे. ज्यांचं वाढलेलं निघतं त्यांची वेदनाशामक गोळी तिथेच थांबते. मग झिजलेल्या गुडघ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याला उत्तर म्हणून डायक्लोफेनॅकचं जेल, जे चोळलं तर रक्तात फार थोडं उतरतं. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचा, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. तोडणीला सरीत बसायला लाकडी पाट. आणि रात्री झोप मोडेल इतकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

यंदाच्या एका बैठकीत वाशीच्या बाजारात काम करणाऱ्या एका तरुण माथाडीने उभं राहून विचारलं, “मॅडम, आमी तिकडं गाळ्यावर. सुट्टी न्हाई. गोळी घेतल्याबिगर गोणी उचलत न्हाई. मग काय करायचं?” डॉक्टरबाईंनी त्याचं बीपी घेतलं. पोटात जळजळ, काळी शौच, दमा, दुसरी औषधं, लघवीचा त्रास यांची विचारपूस केली. मग चिठ्ठीवर एक वेदनाशामक लिहिलं, जेवणानंतर, जास्तीत जास्त पाच दिवस, आणि पुढे थांबण्याची तारीख. शौच काळी झाली, अंगावर पुरळ उठलं किंवा लघवी कमी झाली तर गोळी बंद करून जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, हे त्याला दोनदा म्हणायला लावलं. कुठल्याही औषधाचा अपाय कळवण्यासाठीचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. सहाव्या दिवशी दुखणं राहिलं तर गोळी वाढवायची नाही, मणक्याची तपासणी करून घ्यायची, आणि त्यासाठी लागणारी सुट्टी मुकादमाकडून मिळावी म्हणून त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी सही-शिक्क्यानिशी तसं लिहून दिलं.